कामापुरतं बोलणं

नळवाल्याने पंथ सोडला त्याला सहा वर्षं झाली. सोडला म्हणजे विचारबिचार करून सोडला, असं कुणी समजू नये. त्या पंथात गाणं वर्ज्य, आणि शीळ म्हणजे गाण्याचंच पोर, असं वडीलधाऱ्यांनी ठरवून टाकलेलं. हा कुणाच्या तरी बाथरूममध्ये पाइपला आटे पाडता पाडता शीळ घालत होता. ती दाराबाहेर कुणीतरी ऐकली आणि चुगली केली. रविवारच्या सभेत त्याला उभं केलं. दोष पाऊण तास कबूल करायचा, असा नियम. शिळेवर पाऊण तास बोलायचं तरी काय? विसाव्या मिनिटाला त्याच्याजवळचं संपलं आणि तो चालत बाहेर गेला. मंडळींना वाटलं, लघवीला गेला. तो परत आलाच नाही, एवढंच. याला पुढे त्याची बायको बंड म्हणू लागली. बायका नवऱ्यांच्या बाबतीत फार उदार असतात. बाहेर पडल्यावरही त्याला शीळ काही जमली नाही. ओठ पुढे काढायचा आणि आधी आजूबाजूला बघायचा.

सोडून गेलेल्याशी बोलायचं नाही, हा पंथातला सगळ्यात आवडता नियम. न बोलण्याला अक्कल लागत नाही, म्हणून तो सगळ्यांना जमे. सवलत एकच होती. काम असेल तर कामापुरतं बोलावं, तेही परक्याशी बोलतात तसं अहोजाहो करून, आणि जवळ एक साक्षीदार बसवून. नळवाल्याची आई पंथातच राहिली होती, थोरल्या मुलाकडे. तिथे साक्षीदार अर्थातच थोरला. हा सभेचा चिटणीस. लग्न झालं नव्हतं. त्याला पुरेशी आज्ञाधारक मुलगी सापडत नव्हती, आणि जी सापडली तिने आज्ञाधारकपणे बापाचं ऐकून नकार दिला. स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून तो बसायचा, हात मांडीवर, डोकं जरा तिरकं, जणू कुणी त्याचा फोटो काढणार आहे.

गेली तीन वर्षं त्या घरातले नळ गळत होते. आज मोरीतला, महिन्याभराने ओट्यावरचा. नळवाल्याने पहिल्यांदा ओट्यावरचा नळ उघडला तेव्हा आतला रबरी वॉशर अर्धवट कापलेला होता. झिजलेला नव्हे, कापलेला, भाजीच्या सुरीने. कळायचं ते त्याला कळलं. आई सिंकपाशी उभी राहून त्याच्या खांद्यावरचा दुधाचा डाग बघत होती. तोवर तो बाप झाला होता, आणि हे तिला त्या डागावरून समजलं.

"काय झालं होतं नळाला?" तिने विचारलं.

"वॉशर गेला होता, बाई. बदलला."

"बरं केलंत."

संपलं. तीन वर्षं दोघं एवढंच बोलले. ती सुरीने रबर कापत राहिली आणि हा नवा वॉशर घालत राहिला. घरी जाऊन बायकोला सांगायचा, "आई बरी आहे." बायको म्हणायची, "तिने पोरीचं विचारलं का?" "कसं विचारेल?" "मग तू सांगितलंस का?" यावर तो हात धुवायला जायचा. आपल्याला आई भेटते, याचं त्याला केवढं समाधान! पिंजऱ्याच्या दारात बसलेला पोपट बाहेरच्यांत गणायचा की आतल्यांत, हे त्याचं त्यालाच माहीत.

मग एका सकाळी थोरल्याने त्याला बोलावलं. ओट्यावर पाच नव्या नळांचे खोके मांडून ठेवले होते.

"हे बसवायचे," थोरला म्हणाला. "यांत रबर नसतं म्हणे."

"नसतं. चिनी मातीच्या चकत्या असतात आत."

"म्हणजे कापायला... झिजायला काही नाही."

"दहा वर्षं तरी बघायला नको."

"वा! म्हणजे तुम्हालाही सारखी पायपीट नको."

आई कोथिंबीर निवडत होती. तिचे हात थांबले, पुन्हा चालू झाले. नळवाल्याने मुख्य कॉक बंद केला. जुने नळ काढले, आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली, एकेक नवा नळ बसवला. टेप जरा कमी गुंडाळली असती, तरी महिन्याभरात पाणी झिरपलं असतं आणि त्याला पुन्हा यायला मिळालं असतं. पण हात बेइमानी करेनात. त्या हातांचं कौतुक करण्यासारखं काही नाही. ज्याला दुसरं काही धड करता येत नाही, तो काम तरी चोख करतो.

चार नळ झाले. पाचवा ओट्यावरचा. तो आवळत असताना आईने कोथिंबिरीची जुडी बाजूला ठेवली.

"पोर बोलायला लागलं का रे?"

थोरला स्टुलावरून अर्धवट उठला. "आई! हे कामात येत नाही."

"तुला विचारलं नाही मी."

"रविवारी सभेत उभं राहावं लागेल. पाऊण तास."

"राहीन की. गुडघे माझेच दुखणार आहेत, तुझे नव्हे." मग ती धाकट्याकडे वळली. "सांग ना. बोलतं का?"

नळवाल्याच्या तोंडाशी सगळं आलं होतं. पोरगी नुसती बोलत नव्हती, घरभर हुकूम सोडत होती. नळाला ती 'नन' म्हणायची. आजी म्हणजे काय, हेही विचारून झालं होतं. त्याने थोरल्याकडे पाहिलं. थोरल्याने डोकं तिरकं केलं.

"हे नळ जास्त आवळायचे नाहीत, बाई," तो म्हणाला. "हलक्या हाताने फिरवा."

आई त्याच्याकडे बघत राहिली. थोरल्याकडे ती रोज असं बघायची. धाकट्याला ही नजर नवीन होती.

"आणि तू म्हणे बाहेर पडलास," ती म्हणाली.

तिने हात पुसले. खणातून त्याच्या धंद्याचं कार्ड काढलं. त्यावर घरचाच पत्ता होता. चष्मा लावून तिने तो नीट वाचला, कार्ड पदराच्या टोकात बांधलं.

"कुठे निघालीस?" थोरल्याने विचारलं.

"सुनेला विचारते. घरात तिला तरी तोंड असेल."

दारात तिने चपला घातल्या. डाव्या चपलेचा पट्टा बसेना, म्हणून खाली वाकली. दोघांपैकी एकही पुढे झाला नाही. मग जिन्यावर तिची पावलं वाजू लागली, दर पायरीवर दोन.

थोरला दाराकडे बघत उभा राहिला. त्याचा चेहरा प्रथमच कुणीही फोटो काढू नये असा झाला होता.

"तुम्ही अडवलं का नाही त्यांना?"

"ते माझ्या कामात येत नाही," नळवाला म्हणाला, आणि खाली वाकून त्याने मुख्य कॉक उघडला.