फ्लेक्सचं शीड

आज सकाळी चौकात नवा फ्लेक्स टांगत होते. उन्हात तापलेल्या त्या प्लास्टिकचा वास आला आणि तोंडात एकदम नदी आली. कॉलेजात असताना आम्ही दोघा मित्रांनी ट्रकच्या ट्यूबवर फळी बांधली, बांबू रोवला आणि एका नेत्याच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स शीड म्हणून ताणला. मोबाईलवर समुद्रात लोक असेच शीड लावलेल्या फळीवर उभे राहून वाऱ्याने पळताना पाहिले होते. आमच्या नदीच्या वरच्या अंगाला कोळसा धुतात, त्यामुळे पाणी काळं, वर तेलकट साय. तरी वारा आला, हात जोडलेल्या नेत्याचे गाल फुगले आणि फळी निघाली. "अबे, चालून राह्यली!" मित्र ओरडला, तोच आम्ही उलटलो. वर आलो तेव्हा दातांत कचकच होती, नाकात गाळ, आणि तो बुळबुळीत चेहरा माझ्या तोंडावर चिकटलेला. काठावर मी ओकत, थुंकत बसलो. मित्र म्हणाला, "थुकून काऊन राह्यला बे? घरी नळाले हेच येते." आजच्या फ्लेक्सवर तोच नेता आहे, तसेच हात जोडलेले, आणि खाली लिहिलंय, 'आपल्या नदीत लवकरच बोटिंग'. तोंडाला कोरड पडली होती, तरी मी थुंकलो.