दारावरची सातवी काच

काचा बसवणाऱ्या त्या माणसाला सगळे मिलिमीटर म्हणत, आणि तोंडावर म्हणत. तीस वर्षं दुकानांच्या नि इस्पितळांच्या काचा बसवून तो इतका काटेकोर झाला होता, की घरातलं डुगडुगणारं स्टूल त्याच्या घशाखाली घास उतरू देत नसे.

"एकदा माझंही माप घ्या, कुठे वाकडी आहे ते कळेल तरी," बायको म्हणे.

"टेप पुरायचा नाही."

नव्या मोठ्या सभागृहाचं प्रवेशद्वार बांधायचं काम मेहुण्याला मिळालं. हा बायकोचा धाकटा भाऊ. आईमागे तिनेच वाढवलेला. पोलादाची उंच चौकट, तिच्यात अकरा काचा आणि चौकटीच्या आतून दिव्यांच्या पट्ट्या. मापं अर्थातच मिलिमीटरची. पोलाद उन्हात फुगतं, माप सकाळी घ्यायचं, हे त्यानेच आजवर दहा जणांना शिकवलेलं. पण सातव्या काचेचं, म्हणजे नेमकं मुख्य दारावरच्या काचेचं माप त्याने भर दुपारी घेतलं. मेहुणा शिडीखाली "भाऊजी, आटपा, आटपा" करत होता, आणि याने आटपलं.

सकाळच्या गारव्यात काच चढवली, तर बसेना. भट्टीत कडक केलेली काच मागाहून कापता येत नाही. कापायला गेलं तर चुरा होतो. नवी यायला तीन आठवडे, उद्घाटन नऊ दिवसांवर. काच आणि पोलाद यांच्यामध्ये रबर हवंच, नाहीतर काच पोलादावर घासते आणि कधीतरी न सांगता फुटते. मिलिमीटरने एका बाजूचं रबर काढलं, काच सरकवली, सांधा भरून टाकला. बाहेरून देवालाही दिसलं नसतं. सांगणार तरी कोणत्या तोंडाने? झोप उडाली. रोज जाऊन खालून वर बघायचा आणि घरी येऊन ताटावर चिडायचा.

उद्घाटनाच्या तीन दिवस आधी, संध्याकाळी, दिवे लावून बघायचे ठरले. कामगारांच्या घरच्यांनाही बोलावलं होतं. बटण दाबलं आणि दार उजळून निघालं. बायको भावाचं कौतुक करत मुख्य दाराकडे निघाली. मिलिमीटरने तिचं मनगट धरून तिला बाजूच्या दाराकडे ओढलं.

"अहो, हात सोडा! चोरासारखं बाजूने का?"

"इथूनच चल."

तिने वर पाहिलं, मग त्याच्याकडे.

"काच चुकलीय?"

त्याने मान हलवली.

"म्हणजे मी जायचं नाही आणि बाकीच्यांनी खुशाल जावं? त्यांना घरदार नाही?"

तेव्हा कुठे तो हलला. मुख्य दारासमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला. मेहुणा धावत आला.

"भाऊजी, काय तमाशा हा?"

"सातवी रबराशिवाय बसवलीय. मीच. उतरवायची."

मेहुण्याचा चेहरा उतरला, पण आवाज गोड झाला. "उद्घाटन होऊन जाऊ दे हो. तीन दिवसांत काय पळून जातेय? मग गुपचूप बदलू. ताई, तू तरी सांग ना!"

"सांगते," ती म्हणाली. "तू आधी पाच मिनिटं खाली उभा राहा."

तो वर बघत राहिला. पाऊल काही उचललं नाही.

काच दुसऱ्या दिवशी उतरली. त्या जागी रंगवलेली फळी लागली, आणि तिच्याखालून पाहुणे आत गेले. पुढचं काम मेहुण्याने दुसऱ्याला दिलं. बहिणीचा फोनही तो घेईना.

चौथ्यांदा फोन लावून तिने तो टेबलावर ठेवला. "मी वाढवलाय त्याला," ती म्हणाली. "स्वतः जाईना, पण लोकांना पाठवायला तयार होता."

"चूक माझी होती गं."

"ते आहेच. तुम्हीही सहा दिवस तयारच होतात की."

"हो," तो म्हणाला.