व्हॅनिलाची बरणी

माझ्या मावशीचं उभं आयुष्य बेकरीत गेलं. नाक हे तिचं खरं भांडवल. भट्टीतला पाव करपायच्या आधीच तिला कळायचं. आमच्याकडे आली की दारातूनच म्हणायची, "दूध उतू गेलंय तुझं, आणि शेगडीखाली पुसलेलं नाहीस." असली नाकाची बाई रोज सकाळी बेकरीच्या केकमध्ये कारखान्याचा व्हॅनिला इसेन्स ओतायची आणि मालकाच्या नावाने मनातल्या मनात बोटं मोडायची. "औषधाचा वास येतो मेल्याला," म्हणायची. घरच्यांसाठी मात्र ती खरा अर्क स्वतः करायची.

त्यात विशेष काही नाही. व्हॅनिलाच्या काळ्या, सुरकुतलेल्या शेंगा उभ्या चिरायच्या, काचेच्या बरणीत टाकायच्या, वर व्होडका ओतायची आणि बरणी अंधाऱ्या कपाटात ठेवून द्यायची. अधूनमधून हलवायची, बस. बाकीचं काम शेंगाच करतात. पाण्यासारखी व्होडका हळूहळू तपकिरी होत जाते आणि तिचा उग्रपणा कुठल्या कुठे जातो. वर्ष संपताना मावशी तो अर्क लहान बाटल्यांत भरायची, आणि नात्यातल्या प्रत्येक घरी एकेक बाटली भेट जायची. व्होडका आणायला ती स्वतः दुकानात जायची. "काय आजी, यंदा पार्टी मोठी दिसतेय!" दुकानदार चेष्टा करायचा. "ये की तूही, केक खायला," म्हणून ती पिशवी उचलायची.

दादा हा मावशीचा एकुलता एक मुलगा. बसडेपोत मेकॅनिक होता. हातात कला होती, पण दारू मानगुटीवर बसली होती. नोकरी गेली. बायको माहेरी गेली ती परत आलीच नाही. एकदा भररस्त्यात पडलेला सापडला, बरेच दिवस हॉस्पिटलात राहिला, आणि बाहेर आला तो दारू सोडूनच. आमचा कुणाचा विश्वास बसेना. मावशीचा बसला.

माझी आई, म्हणजे मावशीची थोरली बहीण, आमच्या अख्ख्या गोतावळ्याचा कारभार बिनपगारी बघते. तिने लगेच फर्मान काढलं, "ती बरणी आधी घराबाहेर काढ. घरात दारू भरून ठेवायची आणि पोराने पिऊ नये म्हणायचं, हे कसं जमायचं?" मावशी काढणारच होती. पण दादा म्हणाला, "आई, माझ्यापायी तुझं हेही बंद नको. कपाटाची चावी माझ्याकडे दे. बरणी मी हलवत जाईन."

मावशीने चावी दिली. आईने कपाळावर हात मारला.

"ताई," मावशी म्हणाली, "त्याच्यावर कुणीच कशाचा भरवसा ठेवत नाही आता. मी तरी ठेवते."

तेव्हापासून दादाचा नेम ठरला. सकाळी उठायचा, आईला चहा करून द्यायचा, बरणी हलवायचा आणि एका गॅरेजात कामाला जायचा. त्याचा चहा म्हणजे शिक्षा होती. इतका उकळायचा की चमचा उभा राहील. मावशी तोंड वाकडं करून प्यायची, पण कपात एक थेंब ठेवायची नाही. त्या दिवसांत ती दिसायलाही बरी दिसू लागली होती. केस नीट विंचरलेले असायचे, आणि बोलता बोलता "आमचा दादा म्हणतो" असं दहादा यायचं.

वर्षअखेरीस बाटल्या आल्या. मी माझी उघडली आणि नाकाशी धरली. वास होता, पण शेजारच्या घरातून आल्यासारखा. बोट बुडवून चाटलं. चहा होता, बिनदुधाचा, बिनसाखरेचा. दारूची नुसती आठवण राहिली होती त्यात.

मी बाटलीचं झाकण लावलं. मग आईला फोन केला. तिनेही बाटली उघडली होती. मामानेही. दादा बरणीतून पीत गेला होता आणि चहाने भर घालत गेला होता, हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"कुणीही एक अक्षर काढायचं नाही," आई म्हणाली. "तिचं काळीज फाटेल. आणि त्याला टोकलंत तर आत्ता घोट घोट पितोय, मग पुरता बुडेल."

आईचं चुकलं असं तेव्हा मलाही वाटलं नाही. पण आमच्या घराण्यात गप्प बसायचं ठरलं की सगळे जास्तच बोलतात.

थोड्याच दिवसांनी माझ्या मुलीचा वाढदिवस होता. केक आईने केला, आणि त्यात बाजारातला इसेन्स घातला. दुसरं काय घालणार? मावशी आणि दादा जरा उशिरा आले. केक कापला, बश्या फिरल्या, आणि मामाने सुरुवात केली. "घरात शिरल्या शिरल्या ओळखलं मी! असा वास दुसऱ्या कुणाच्या हाताला नाही." मामी म्हणाली, "मी तर बाटली थेंब थेंब पुरवून वापरतेय." आई म्हणाली, "यंदाचा अर्क म्हणजे आजवरचा सगळ्यात उत्तम." एकाचं झालं की दुसऱ्याचं सुरू. मावशी खाली मान घालून बशीतला केक चमच्याने चिवडत होती.

दादाने एक घास खाल्ला. त्याचं बालपण त्या बरणीच्या वासात गेलेलं. इसेन्स त्याला कळणार नाही, असं आम्हाला वाटलंच कसं? त्याने मामाकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे आपली कीव करताहेत, हे त्याला कळलं. ते कळताना मी त्याचा चेहरा बघितला. रंगेहाथ पकडलेल्या माणसाला निदान भांडता तरी येतं.

"छान झालाय केक, मोठी मावशी," तो म्हणाला. बशी ठेवली, बूट घातले. "आई, आलोच जरा."

तो आला नाही. मावशी घरी गेली तेव्हा चावी कपाटाच्या कुलुपाला लटकत होती. पुढे कळलं की तो दुसऱ्या शहरात आहे, कुठल्याशा गॅरेजच्या माळ्यावर झोपतो, आणि दिवसाढवळ्या पितो. मावशी दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा त्याने दार उघडलं नाही. तिसऱ्यांदा गेली ती त्याचं प्रेत ताब्यात घ्यायला. तो त्या केकमुळे गेला असं मी म्हणणार नाही. त्याचं यकृत आधीच कामातून गेलं होतं. पण एकटा गेला, आणि ते मला सोसत नाही.

सगळं आटोपल्यावर एका दुपारी मावशी माझ्याकडे आली. स्वयंपाकघरात बसली. दूध उतू गेलं होतं, पण काही बोलली नाही.

"तुझी बाटली आहे का गं अजून?"

टाकवली नव्हती मला. फ्रिजमध्ये मागे ठेवली होती. "आहे ना," मी सवयीने सुरू झाले. "जपून ठेवलीय, इतका छान वास..."

"पुरे गं," ती म्हणाली. "बाटल्या मीच भरल्या ना? मला नाक नाही का?"

"तुला माहीत होतं? मग दिल्यास कशाला?"

"नसत्या दिल्या तर त्याला कळलं असतं, आईने ओळखलं म्हणून." ती बोटाने टेबलावर रेघा ओढत होती. "मला वाटलं, तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, मावशी, यंदा बिघडलं हो तुझं. मी म्हणणार होते, शेंगाच वाईट लागल्या, वय झालं आता माझं. सगळ्यांनी मला हसायचं, आणि त्याने परत बरणी लावायची. ठरवून आले होते मी वाढदिवसाला. एकानेही तसं म्हटलं नाही."

मला रडू आवरेना. तिने माझ्या पाठीवर हात फिरवला, जसं काही माझंच कुणी गेलं होतं. मग मी उठून बाटली आणून तिच्यापुढे ठेवली. तिने झाकण काढून वास घेतला आणि बराच वेळ बाटली तशीच धरून राहिली.

"त्याच्याच हातचा आहे," ती म्हणाली. "कितीदा सांगितलं, इतका उकळू नये म्हणून."

तिने कप मागितला. मी नको नको म्हणत असताना बाटली त्यात उपडी केली, तोंड वाकडं करून प्यायली, आणि एक थेंब ठेवला नाही.