धर्माचा अंगठा

भाताची रास दिसली की धर्मा आधी तिच्यात हात घालायचा आणि मग माणसांशी बोलायचा. बोटं, मनगट आणि शेवटी कोपर. कोपरापर्यंत हात आत गेला की डोळे मिटून गप्प उभा राहायचा. शेतकरी, हमाल, गिरणीचा मुकादम, सगळे तोवर ताटकळत. मग हात बाहेर काढायचा, अंगावरचं कूस झटकायचा आणि म्हणायचा, "थंड हाय. भरा." कधी म्हणायचा, "गरम लागतोय. आज नाय भरायचा, ऊन दावा त्याला." भात आत ओलं असलं की ते राशीत तापतं, आणि ताडपत्रीखाली कोंडलं की कुजतं. हे त्याला हातानं कळायचं. एकदा मी त्याला हसलो, तर म्हणाला, "भाऊसाहेब, पोराच्या कपालाला हात लावून बघता ना तुमी? तसाच हाय ह्यो."

भाऊसाहेब म्हणजे मी. पनवेलला कचेरीच्या रस्त्यावर एका चिंचेखाली माझं टेबल होतं. टेबलावर दौत, टाक, शाईची गादी आणि वारा आला की कागदांवर ठेवायला एक गुळगुळीत धोंडा. अर्ज, दाखले, परवाने, करारपत्रं, लोकांना लागेल ते लिहून देणं हा माझा धंदा. धर्मा माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठा असेल, पण मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला अहो-जाहो. टाक ज्याच्या हातात तो मोठा, असं तेव्हा आम्हां दोघांनाही वाटायचं. आता तो नाही, आणि हे लिहिताना मला त्या अरे-तुरेची लाज वाटते.

गाव त्याचं चिरनेरच्या अलीकडे, खाडीला लागून. वडिलांचा मिठागरात वाटा होता. लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या लॉऱ्यांचा लिलाव झाला तेव्हा धर्मानं तो वाटा विकून लॉरी घेतली. गावानं वेड्यात काढलं. लॉरीचा हिरवा रंग त्यानं कधी बदलला नाही. मालक तोच आणि चालवणाराही तोच. "मालक डायवरला शिव्या देतो, डायवर मालकाला देतो," तो सांगायचा, "माझ्या गारीत दोगंबी येकाच शीटवर बसतात, म्हनून शांत हाय." खाडीकाठच्या गावांतलं भात पनवेलच्या गिरण्यांत आणायचं, आणि उन्हाळ्यात मीठ घाटावर पोचवायचं, असं त्याचं वर्ष होतं. भात तो पोत्यांत भरायचा नाही, सुटंच भरायचा. हौद्याच्या फळ्यांमधल्या फटी पेंढ्यानं बुजवायचा, वर चटया अंथरायचा. आणि मिठाची खेप झाली की विहिरीच्या गोड्या पाण्यानं हौदा तीनदा धुतल्याशिवाय त्यात भाताचा दाणा पडू द्यायचा नाही. शेवटच्या धुण्यानंतर फळीला जीभ लावून बघायचा. भर बाजारात एवढा मोठा माणूस लॉरी चाटतोय हे बघायला पोरं जमायची. त्याला काही वाटायचं नाही. "खारट लागली तं पुन्ना धुवायची," एवढंच.

त्याचा माझ्यावर फार विश्वास. लिहिता-वाचता येत नव्हतं. मी मजकूर लिहून कागद पुढे सरकवायचो, तो शाईच्या गादीवर अंगठा दाबायचा आणि मी दाखवीन तिथे उमटवायचा. काय लिहिलंय हे त्यानं कधी विचारलं नाही. मी वाचून दाखवू लागलो तरी म्हणायचा, "तुमी लिवलंत ना, मंग झाला." मला ते ऐकायला आवडायचं, हे कबूल करतो.

एका वर्षी पावसाळ्यात पुनवेच्या उधाणाला त्याच्या गावचा बांध फुटला. खाडीचं पाणी शेतांत शिरलं, लावणीला आलेली रोपं दोन दिवसांत जळून गेली, गावचं गोडं तळंही खारं झालं. पुढच्या सरींनी जमिनीतलं मीठ धुतलं, पण तोवर हंगाम सरत आला होता. पुन्हा रोपं करून लावणी करायला वेळ नव्हता. अशा वेळी तिकडे रहू करतात. बियाणं गोड्या पाण्यात भिजवायचं, पेंढ्याखाली दाबून त्याला मोड, धर्माच्या बोलीत 'मोर', आणायचे आणि ते मोडाचं भात सरळ चिखलात फेकायचं. मोड दाण्याएवढा झाला की फेकायला हवा. त्याहून लांब झाला तर तो गुंततो, मोडतो, मरतो. त्यात एका दिवसाची हयगय चालत नाही.

खाऱ्या जमिनीत टिकणारं तांबडं बियाणं पेणच्या बाजूला धर्माच्या बायकोच्या, पारूबाईच्या, माहेरी होतं. पण गावात भिजवायला गोडं पाणी कुठलं? धर्मानं डोकं लढवलं. भात तिकडेच भिजवायचं, ओलंच लॉरीत भरायचं आणि वर पेंढा घालायचा. लॉरीतच मोड फुटतील आणि गावात पोचल्या पोचल्या फेकता येईल. जन्मभर ओल्या भाताला हात न लावणारा माणूस पहिल्यांदा ओलं भात भरणार होता.

एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात भात न्यायला तेव्हा परवाना लागे. धर्मा माझ्या टेबलाशी आला. सगळा बेत त्यानं मला उभ्या उभ्या सांगितला. "भिजवूनच आननार हाय, भाऊसाहेब. पोरींनी चिखल करायला घेतलाय." मी ऐकलं, मान डोलावली आणि लिहायला घेतलं. 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी' पासून टाक नुसता धावत होता. भाताचे शेकडो अर्ज मी लिहिले होते आणि प्रत्येकात 'कोरडे व स्वच्छ भात' असे शब्द घालत आलो होतो, कारण तसा अर्ज कचेरीत अडत नसे. याही अर्जात मी तेच लिहिलं. हातानं लिहिलं, डोकं जागेवर नव्हतं. धर्मानं अंगठा दिला. परवान्यावर तेच शब्द उतरले.

हद्दीवरच्या नाक्यावर जमादारानं पेंढा उचलून हात घातला तो ओला निघाला. कागदावर कोरडं भात, लॉरीत ओलं. त्यानं लॉरी बाजूला लावली. मला निरोप मिळाला दुसऱ्या दिवशी सकाळी, पेणकडून आलेल्या एका लॉरीवाल्याकडून. मी मिळेल त्या गाडीनं नाका गाठला.

जमादार वाईट माणूस नव्हता. त्यानं मला बसायला खुर्ची दिली. म्हणाला, "माल आणि कागद जुळत नाही. मला अधिकार नाही हो. साहेबांची सही आणा, आत्ता सोडतो." साहेब दौऱ्यावर होते, परवा येणार होते. मी म्हटलं, ते बियाणं आहे, वाया जाईल. तो म्हणाला, "दिसतंय मला. मीपण शेतकऱ्याचाच मुलगा आहे." मी लॉरीच्या बॉनेटवर कागद ठेवून नवा अर्ज लिहिला, माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला. पण तो द्यायचा कोणाला? घडी घालून खिशात ठेवला.

धर्मा हौद्यात उभा होता. खालचं भात वर, वरचं खाली करत होता, म्हणजे हवा लागेल. नाक्याच्या पडवीत पसरू द्या म्हणून त्यानं जमादाराला विनवलं होतं, पण अडवलेला माल उतरवता येत नव्हता. पाऊस सुरू झाला की ताडपत्री ओढायची, उघडला की काढायची. सगळे मोड एकसारखे फुटले होते, पांढरेशुभ्र, दाण्याएवढे. त्या दिवशी ते भात शेतात पडलं असतं तर गाव तरलं असतं.

मी अर्जाचं सगळं सांगायला तोंड उघडलं. "धर्मा, परवान्यात..." एवढंच म्हणालो. तो म्हणाला, "वर या जरा." मी चाकावर पाय देऊन वर चढलो. त्यानं माझं मनगट धरलं आणि माझा हात भातात घातला, कोपरापर्यंत. आत चटका बसावा इतकं ऊन होतं. त्या गरम ओल्या राशीत काहीतरी वाढत होतं, ते बोटांना कळत होतं. "ताप चरलाय," धर्मा म्हणाला. मी हात तसाच ठेवून उभा राहिलो. पुढचं वाक्य मी बोललो नाही.

मी पोचल्यापासून तिसऱ्या दिवशी दुपारी सही झाली. मी त्याच्या शेजारी बसून गावापर्यंत गेलो. रस्ताभर खड्डा आला की तो लॉरी इतकी सावकाश घ्यायचा की जणू आत बाळंतीण बसली आहे. गावात बांधापासून बांधापर्यंत माणसं उभी होती. तीन दिवस रोज बैल घालून चिखल पुन्हा पुन्हा मऊ करून ठेवला होता. ताडपत्री काढली तर आत भात राहिलंच नव्हतं. बोटभर मोड एकमेकांत विणले जाऊन एक जाड घोंगडी झाली होती, आणि तिला आंबूस वास येत होता. पारूबाईनं दोन्ही हातांनी एक ढेकूळ सोडवायला घेतलं. मोड तटातटा तुटत होते. ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "टाका. घरचा हाय, टाकायला तं पायजेच." सगळ्यांनी ते तोडून तोडून चिखलात फेकलं. मीही फेकलं. मला फेकायचं कसं ते ठाऊक नव्हतं, कोणी शिकवलंही नाही.

आठवड्यानं मी पुन्हा गेलो. एखाद्या कोपऱ्यात चार हिरवी पाती होती, बाकी काळं पाणी आणि खेकड्यांची बिळं. धर्माला गावात कोणी एका शब्दानं बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो मला नंतर म्हणाला. त्या दिवाळीच्या आधी गावातली निम्मी माणसं बिऱ्हाडं बांधून मुंबईच्या गोदीत, कुणी लांबच्या मिठागरांत कामाला निघाली. धर्मानंच त्यांना लॉरीतून पनवेलपर्यंत आणून सोडलं. भाताच्या हौद्यात माणसं, मडकी, कोंबड्या. सगळे उतरल्यावर तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "रिकामी गारी घेऊन गावात जायला नको वाटतंय," म्हणाला. मी चहा मागवला. तो न पिताच गेला.

त्यानंतर तो पूर्वीसारखाच येत राहिला. फक्त एक गोष्ट बदलली. मी मजकूर पुरा करून कागद पुढे सरकवला की अंगठा शाईत बुडवण्याआधी तो म्हणायचा, "भाऊसाहेब, येकदा वाचा." आवाजात कसलाही काटा नाही. मी वाचायचो, तो जमिनीकडे बघत ऐकायचा आणि मग अंगठा द्यायचा. पहिल्यांदा त्यानं 'वाचा' म्हटलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलंही असेल. मी कळून घेतलं नाही. सात-आठ वर्षं मी त्याला कागद वाचून दाखवत राहिलो आणि प्रत्येक वेळी ठरवायचो, आज सांगू. मग पाऊस असायचा, नाहीतर टेबलाशी दुसरं कोणी असायचं.

पुढे त्याची कंबर गेली. क्लच दाबताना पाय उचलेना. लॉरी खोपोलीकडच्या एकाला द्यायची ठरली आणि तो कागद करायला माझ्याकडे आला. घेणारा पलीकडे हॉटेलात चहा पीत होता. टेबलाशी आम्ही दोघंच. माझं लिहून झालं, मी टाक खाली ठेवला आणि बोललो.

"धर्मा, त्या वर्षी परवान्याच्या अर्जात 'कोरडे' मी लिहिलं होतं. तू भिजवून आणणार म्हणून सांगितलं होतंस, तरी लिहिलं."

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"जमादारानी पयल्याच दिशी वाचून दावलान ना."

म्हणजे नाक्यावर माझा हात त्या भातात धरून तो उभा होता, तेव्हाही त्याला ठाऊक होतं. "मग मला बोलला का नाहीस? निदान त्याला तरी सांगायचं, लिहिणाऱ्याची चूक आहे म्हणून."

"सांगितला ना. तो बोलला, अंगठा कोनाचा? अंगठा तं माझाच व्हता." त्यानं उजव्या हाताकडे पाहिलं. "आन तुमाला बोलून काय, भाऊसाहेब? मोर काय मागारी दान्यात जानार व्हते?"

हमालांची एक गाडी खडखडत गेली. धर्मानं शाईची गादी स्वतःच पुढे ओढली, अंगठा दाबला आणि कागदाकडे नेला.

"थांब," मी म्हटलं, "वाचू दे आधी."

"नको," तो म्हणाला. "तुमी लिवलंत ना, मंग झाला."

आणि त्यानं अंगठा उमटवला. मी कागद हातात घेऊन बसून राहिलो. त्या दिवशी त्यानं वाचायला लावलं असतं, तर मला फार बरं वाटलं असतं.