काढता येणारी खोली

आमच्या घराला वीट नाही. वाशीमच्या बाहेर रिसोड रोडला जे लेआउट पडलं, त्यात सगळ्यांनी सिमेंटची घरं बांधली आणि आम्ही लाकडाचं घर जोडलं. जोडलं असं मी म्हणत नाही, माझा मुलगा म्हणतो. तो पुण्याला अशी घरं करणाऱ्या कंपनीत आहे. भिंती कारखान्यात तयार होतात, ट्रकवर आडव्या पडून येतात, इथं उभ्या करून बोल्ट आवळले की झाली खोली. माणसं वाढली की खोली जोडायची, कमी झाली की काढायची. शहरातल्या माणसाचं घर त्याच्याबरोबर कमीजास्त झालं पाहिजे, हे त्यानं मला इतक्या वेळा सांगितलं, की एसटीत कंडक्टर होतो तेव्हा थांब्यांची नावंही मी तेवढ्यांदा घेतली नसतील.

शेजाऱ्यांनी आमच्या घराला माचिसची डबी असं नाव ठेवलं. समोरचे गुरुजी रोज सकाळी फिरून येताना विचारायचे, "काहो, उधळी लागली का नाई अजून?" उधळी, म्हणजे वाळवी, लागली नाही. खरं सांगायचं तर उन्हाळ्यात त्यांच्या स्लॅबखाली जीव भाजायचा तेव्हा आमच्याकडे दुपारची झोप लागायची. घर चांगलंच होतं. घराबद्दल माझी काही तक्रार नाही.

खोल्या तीन होत्या. एक स्वयंपाकाची, एक आम्हा दोघांची आणि एक मुलाची. घर उभं राहिलं त्या दिवशी तो त्या तिसऱ्या खोलीत हात पसरून उभा राहिला आणि आईला म्हणाला, "हे माही खोली. इथंच काम काढतो मी, मंग कायमचाच येतो." पूजेला उंबरठा शोधला तर या घराला उंबरठाच नव्हता, जमीन सपाट. मग माझ्या बायकोनं त्याच्या दाराच्या चौकटीलाच हळदीची पाची बोटं उमटवली. ती बाई त्या एका वाक्यावर जगली. मीही जगलो, पण मी तसं दाखवत नसे.

त्या खोलीत तिनं कोणाला पाय ठेवू दिला नाही की काही ठेवू दिलं नाही. मेडशीचं शेत बटईनं दिलेलं, आमच्या वाट्याची तूर आणि सोयाबीन घरी येते. पोती आमच्या खोलीत, खाटेखाली, खाटेच्या उशाला. रात्री कूस बदलली तर कोपर पोत्याला लागायचं. मी म्हणायचो, "अवं, थे खोली रिकामी हाये ना, ठेव तिकडं." ती म्हणायची, "पोराच्या खोलीत पोते टाकू? उद्या आला तं त्याले वाटीन, आपली जागा गेली." रोज झाडायची, संध्याकाळी दिवा दाखवायची, पलंगावरची चादर धुऊन पुन्हा तीच घालायची. पाहुणे आले तर ते आमच्या खोलीत, आणि आम्ही स्वयंपाकघरात.

मला यात काही वावगं वाटलं नाही. नोकरीभर मी जागा धरायला खिडकीतून टाकलेल्या दस्त्या, हातरुमाल पाहिले. ज्या सीटवर दस्ती पडली ती सीट भरलेली, मग माणूस अजून खाली चहा पीत असला तरी. त्यावर कोणी बसलं तर भांडण व्हायचं आणि मी दस्तीवाल्याच्या बाजूनं बोलायचो. आमच्याकडे राखलेल्या जागेला रिकामी म्हणत नाहीत.

पुण्यात म्हणतात. मुलाचा फोन आला तेव्हा तो आमच्या बोलीत बोलत नव्हता, त्यावरूनच मला कळलं की हे कामाचं बोलणं आहे. तिथल्या एका कुटुंबाला बाळ झालेलं, त्यांना एक खोली तातडीनं जोडून हवी होती, आणि कारखान्यात कामं तुंबलेली. आमची तिसरी खोली मापात बरोबर बसत होती. "बाबा, ती वापरात नाहीच आहे ना? व्हिडिओ कॉलवर केव्हाही बघतो तर रिकामी. तुमची पोतीसुद्धा तुम्ही तिथं ठेवत नाही."

म्हणजे तिनं पोती तिथं टाकली असती तर खोली वाचली असती. हे मला त्याच क्षणी कळलं आणि असा राग आला की फोन मी खाटेवर टाकून दिला. बायकोनं फोन घेतला. तो तिच्याशी मात्र वऱ्हाडीत बोलला. "माय, तुमी फक्त सांगजा. मी यायच्या आंदी नवी खोली येऊन जाईन."

"खोली येईन रे," ती म्हणाली. "तू कवा येशीन?"

तो म्हणाला, बघतो.

ट्रक आला तेव्हा तो आला नाही. कामगारांनी फोन उभा करून ठेवला होता, त्यातून तो सांगत होता, आधी छत, मग मागची भिंत. माणसं सभ्य होती, बायकोनं त्यांना चहा दिला. मग ती चौकटीपाशी जाऊन उभी राहिली, तर फोनमधून आवाज आला, "आई, जरा बाजूला हो." हळदीची बोटं त्याला दिसली असावीत. त्यानं कामगाराला सांगितलं, ते ओल्या फडक्यानं पुसून घ्या, ग्राहक चोखंदळ आहेत. दुपारपर्यंत दाराच्या जागी कोरी फळी बसली. इतकी नीट बसली की इथं दार होतं हे नव्या माणसाला सांगूनही पटत नाही. पलंग आणि त्याचं शाळेतलं कपाट ओसरीत पडून राहिलं. गुरुजींनी दुसऱ्या दिवशी सकाळी उधळीचं विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं, कोणावर तरी ओरडता आलं असतं.

दिवाळीला तो एक दिवस आला, पोत्यांमध्ये झोपला आणि सकाळच्या गाडीनं गेला. जागा नव्हती ना, असं बायको सगळ्यांना सांगत होती.

परवा त्याचा फोन आला. खुशीत होता. आमच्या घराचे आधीचे आणि नंतरचे फोटो कंपनी शहरातल्या ग्राहकांना दाखवते म्हणे. एका दिवसात घर लहान झालं, भिंतीला ओरखडा नाही, लोक थक्क होतात. "आणि बाबा, तुमाले पुढची फिकर नाई. तुमच्यातलं कोनी एक राह्यलं, तरी अजून एक खोली कमी करता येते. आरामात."

फोन स्पीकरवर होता. बायको खाली बसून तूर पाखडत होती. तिनं सूप थांबवलं नाही.

"त्याले इचारा," ती म्हणाली, "पयले कोनाची खोली नेशीन, मायची का बापाची."

मी विचारलं, जसंच्या तसं. पलीकडे पुण्याच्या रस्त्याचा आवाज येत राहिला.

"बाबा, नीट ऐकू येत नाही," तो म्हणाला. "नंतर करतो."