आधी तू कर, मग मी बघते

आमच्या बाकावर किस्से साठायला फार काही लागत नाही. एकाच ऑफिसातून रिटायर झालेल्या आम्ही चौघी संध्याकाळी नारायण पेठेतल्या बागेत जमतो. बसताना चौघींच्या तोंडून एकदमच "आई गं" निघतं आणि पुढचा विषय ठरलेलाच : गुडघा बदलायचा कधी?

*

सुनंदाला डॉक्टर म्हणाले, "सहन होईनासं झालं की या."

ती म्हणाली, "डॉक्टर, आमच्या साहेबांना मी पंचवीस वर्षं सहन केलंय. मला ते कळणार कसं?"

*

कुमुदताईंना त्याच डॉक्टरांनी विचारलं, "मांडी घालून बसता येतं का?" तोंडी उत्तर द्यायचं सोडून ताई तिथेच फरशीवर बसल्या! त्यांना उठवायला डॉक्टर, नर्स आणि बाहेर थांबलेले दोन पेशंट लागले.

साडी झटकत ताई म्हणाल्या, "तुम्ही फक्त बसायचंच विचारलं होतंत."

*

खरी गोम वेगळीच होती. ऑपरेशन चौघींनाही करायचं होतं, पण दुसरीचं कसं होतंय ते बघून! "अगं तू कर ना, आम्ही डबे आणू." कुणी कोणत्या वारी काय आणायचं, सगळं ठरलं. पेशंट तेवढी ठरेना.

शेवटी नसरीन तयार झाली. तिची लेक कात्रजला तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. नात झाल्यापासून नसरीन खाली रिक्षात बसून राहायची आणि जावई बाळाला खाली आणून दाखवायचा.

"पोरगी स्वतः जिना उतरायच्या आत मला वर जायचंय," ती म्हणाली. आम्हाला फार वाईट वाटलं. तिच्या जोरावर आम्ही तिघींनीही पुढच्या महिन्यातल्या तारखा घेऊन टाकल्या.

*

तिचा एक गुडघा झाला. आम्ही डबे घेऊन बघायला गेलो, तर ती उशीला टेकून कण्हत होती.

"काय सांगू, जीव जातो गं! घाई करू नका. वर्षभर तरी थांबा."

हॉस्पिटलच्या दारातूनच आम्ही तिघींनी फोन करून तारखा रद्द केल्या. सुनंदाने तर सुटल्याच्या आनंदात सगळ्यांना कॉफी पाजली.

महिन्याभराने नसरीन बागेत आली. हातात काठी, पण चाल ताठ!

"सोमवारी दुसरा गुडघा," ती म्हणाली.

"अगं, जीव जात होता ना तुझा?"

"जात होता की! पण डॉक्टरांकडे दिवाळीपर्यंत तारीखच नव्हती. मग एकदम तीन रिकाम्या झाल्या."