चीर कडेला आली की…

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातुरात आमच्या दुकानात गिऱ्हाइकापुढे साड्यांचा ढीग घालून बसलो होतो. पलीकडून दिगूची बायको, उज्ज्वला वहिनी, एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, मुदखेड रोडला उसाची ट्रॉली उभी होती... मागं दिवा नव्हता तिला." मी येड्यासारखं विचारलं, "मग दिगू कुठंय?" आता दीडदोन महिने होत आले, पण खरं सांगायचं तर मला अजून रडू आलेलं नाही, रागच येतो. जन्मभर ब्रेकवर भाषणं ठोकणारा माणूस स्वतःच्या दुकानाचा टेम्पो घेऊन उभ्या ट्रॉलीवर जातो म्हणजे काय?

दिगंबर हदगावकडच्या कास्तकाराचा मुलगा. नांदेडला कॉलेजात आम्ही एका खोलीत राहिलो. माझं नाव मन्मथ, म्हणून माझ्या शाकाहारी डब्याला तो 'मन्मथ महाराजांचा नैवेद्य' म्हणायचा आणि निम्मा नैवेद्य स्वतःच संपवायचा. पुढे त्यानं नांदेडला गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान टाकलं, मी बापाच्या कापडाच्या गादीवर बसलो. मग त्याच्या डोक्यात शिरलं की आपण शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी पळवायची. एक जुनी हॅचबॅक घेतली, मागच्या सीटा काढून फेकल्या, लोखंडी पिंजरा वेल्ड करून घेतला, आणि वर्षातून दोनतीनदा ती टेम्पोवर चढवून कोईमतूरला जायला लागला. नवराबायको दोघंही ती गाडी चालवायचे, आणि वहिनी काही कमी नव्हत्या. मी सोबत जायचो. मला गाडीतलं शष्प कळत नाही. माझ्याकडं एकच काम, चाकं काढायची आणि पुन्हा आवळायची.

चाक काढलं की दिगू पुढच्या डिस्कांपुढे उकिडवा बसायचा. चाकाच्या आतली ती लोखंडी थाळी, ब्रेक मारला की तिलाच पॅड दोन्ही बाजूंनी धरतात. ट्रॅकवर ती तापून लाल होते आणि तिला बारीक बारीक चिरा पडतात. मी पहिल्यांदा त्या बघितल्या आणि हातातला पाना खाली ठेवला. म्हणालो, "अरे बदल की ही, फुटंल एखादवेळी."

"मन्म्या, उन्हाळ्यात रानाला भेगा पडल्या म्हणून कुणी रान विकतं का?" तो नखानं एकेक चीर चाचपत म्हणाला. "ही केसाएवढी हाय. चालंल. कडेपस्तोर पोचली की मग बापाचं बी ऐकायचं न्हाई, काढून टाकायची."

प्रत्येक चीर ज्या दिशेनं निघाली असेल तिथं, थाळीच्या अगदी कडेला, तो पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्यायचा. तिथं पॅड घासत नाही, त्यामुळं ठिपका पुसत नाही, फक्त तापला की भाजून तपकिरी होतो. घरी आलं की जुने खरवडून पुन्हा पांढरे द्यायचे. एकदा तर भर स्पर्धेच्या सकाळी एक चीर ठिपक्याला टेकलेली दिसली. जवळ दुसरी डिस्क नव्हती. गड्यानं गाडी टेम्पोवर चढवली आणि शर्यत न करता आम्ही परत निघालो. मी वाटभर त्याच्या नावानं खडे फोडले, तो मात्र इत्मीनानानं, निवांत भुईमुगाच्या शेंगा खात बसला.

दहाव्यानंतर मी अपघाताच्या जागी जाऊन आलो. उगाच गेलो. वळण संपतं, सरळ रस्ता लागतो, आणि तिथंच. डांबरावर काचेचा चुरा होता, उसाची चिपाडं होती, पण चाकं घासल्याची एक रेघ नव्हती. दिगूनं ब्रेक मारलाच नव्हता. अंधार पडायच्या वेळी त्याला ती ट्रॉली दिसलीच नसेल... की दिसली, आणि पाय ब्रेकवर नेलाच नाही? त्या रस्त्यानं माझी झोप उडवली. वहिनींनी ब्रेकच्या खुणेबद्दल विचारलं तेव्हा मला खोटं बोलता आलं नाही.

परवा मी पुन्हा नांदेडला गेलो. शर्यतीची गाडी नुसती उभी राहून टायर खराब होतात, ती स्टँडवर चढवून ठेवावी म्हटलं. शेड वहिनींनी उघडून दिली आणि त्या चहा टाकायला गेल्या. मी पुढचं चाक काढलं आणि डिस्कपुढं उकिडवा बसलो. शेवटच्या फेरीनंतर दिगूनं दिलेले ठिपके मी माझ्या डोळ्यांनी बघितले होते, पांढरेशुभ्र. आता ते सगळे भाजून तपकिरी झाले होते. एका ठिपक्याच्या मधोमध चीर गेली होती, आरपार, कडेच्या बाहेर. बंद शेडमधली गाडी, मालक गेलेला, आणि डिस्क कुणीतरी लाल होईस्तोवर तापवलेली. मी घाबरट माणूस आहे. मला क्षणभर दिगूच आठवला, आणि भर दुपारी अंगावर काटा आला.

मागं वहिनी चहाचे कप घेऊन उभ्या होत्या.

"मीच नेते," त्या म्हणाल्या. "रोज पहाटे. तो नवा बायपास अर्धा होऊन पडलाय ना, तिथं कुणी नसतं."

"कशाला पण?"

"त्या जागी वळणापासून ट्रॉलीपर्यंतचं अंतर मी पावलांनी मोजून आले. तेवढ्यावर भुशाचं पोतं ठेवलंय. बघून राहिले, यांनी ब्रेक मारला असता तर थांबली असती का."

"वहिनी, तो टेम्पोत होता. ही गाडी वेगळी."

"टेम्पो भंगारात गेला, भाऊजी. यांचा पाय लागलेली आता हीच एक राहिली."

"मग? थांबते का?"

"थांबते. रोज थांबते. पण दुसऱ्या दिवशी वाटतं, काल नशिबानं थांबली असंल..."

मी त्यांना हाताला धरून डिस्कपाशी बसवलं. नवा जोड दुकानात पडूनच होता, मी आत्ता बसवतो म्हणालो. त्या एकदम कडक झाल्या. "नाही. ते ठिपके त्यांच्या हातचे आहेत." दिगूच्या हातचे होते हे खरंच. आणि उद्या पहाटे त्या पुन्हा पोत्याकडे सुसाट जाणार, डिस्कचे तुकडे होणार, आणि मला दुसरा फोन येणार, हेही तितकंच खरं. मला समजूत घालता येत नाही. मी त्यांचं बोट धरलं आणि त्या चिरेवरून कडेपर्यंत फिरवलं. त्यांचं नख अडकलं. "कडेला आली, वहिनी," मी म्हणालो. "कडेला आल्यावर तो काय करायचा?"

मग पदर खोचून त्यांनी स्वतःच पाना घेतला.

नवी डिस्क आधी हळूहळू तापवावी लागते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं निघालो. मी पिंजऱ्याला गच्च धरून बसलो. बायपासवर त्यांनी चारसहा वेळा बेताचे ब्रेक मारले, आणि मग वेग वाढवून सरळ पोत्याकडं सोडली. मी डोळे मिटले. गाडी थांबली तेव्हा पोतं बऱ्यापैकी लांब होतं. वहिनी पोत्याकडं बघत होत्या, पाय ब्रेकवर तसाच रेटलेला. "थांबली असती," त्या म्हणाल्या. "थांबली असती हो, भाऊजी," आणि हमसून हमसून रडायला लागल्या. मग मला पण आवरलं नाही.

थोड्या वेळानं जळका वास आला तसं मी म्हणालो, "वहिनी, पाय काढा. दिगू म्हणायचा, तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून थांबायचं नसतं, पॅडचा डाग बसतो. गार होईपर्यंत चालत राहावं लागतं." त्यांनी नाक पुसलं, पाय काढला. रोज त्या इथूनच मागं फिरायच्या. आज त्यांनी पोत्याला वळसा घातला आणि गाडी हळूहळू पुढं काढली.